समुद्रावरची हाक कोण ऐकतो? ब्रिटिश तटरक्षक सेवेच्या पुनर्रचनांचा इतिहास

(१)
१६ डिसेंबर २०१० रोजी ब्रिटनच्या परिवहन खात्याने एक प्रस्ताव जाहीर केला. देशाच्या किनाऱ्यावर तटरक्षक सेवेची १८ बचाव-समन्वय केंद्रे होती, शिवाय थेम्स नदीसाठी लंडनमध्ये एक छोटे केंद्र होते. त्यांच्या जागी २४ तास चालणारी अवघी ३ केंद्रे ठेवावीत आणि आणखी ५ केंद्रे फक्त दिवसा चालवावीत, असा तो प्रस्ताव होता. किनाऱ्यावर गदारोळ उठला. मच्छीमार, शिडाच्या नौका बाळगणारे हौशी, बेटांवरचे रहिवासी आणि खुद्द तटरक्षक कर्मचारी एकच प्रश्न विचारू लागले: रात्री दोन वाजता समुद्रातून हाक आली, तर ती ऐकणार कोण?

(२)
हा प्रश्न २०१० सालचा वाटला, तरी तो शंभर वर्षांहून जुना आहे. ब्रिटनच्या तटरक्षक सेवेची जेव्हा जेव्हा फेररचना झाली, तेव्हा तेव्हा तो नव्या रूपात उभा राहिला. प्रत्येक वेळी एखादे नवे यंत्र आले, त्यामुळे हाक अधिक दूरवर पोहोचू लागली, आणि त्याच वेळी हाक ऐकणारा माणूस एक पाऊल मागे सरकला. या सरकण्यात काय मिळाले आणि काय गमावले, त्याचाच हा धागा.

(३)
ही सेवा स्थापन झाली ती जीव वाचवण्यासाठी नव्हे, तर चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी. १८व्या शतकात फ्रान्स आणि हॉलंडमधून चहा, ब्रँडी, तंबाखू यांचा जकात चुकवून येणारा माल इंग्लंडच्या किनाऱ्यावर रात्री उतरत असे. त्याला रोखण्यासाठी घोड्यावरून गस्त घालणारे अधिकारी, महसूल खात्याच्या गस्तीनौका आणि १८०९ साली उभारलेले ‘प्रिव्हेंटिव्ह वॉटर गार्ड’ अशी वेगवेगळी दले होती. १८२२ च्या जानेवारीत ही दले एकत्र करून ‘कोस्ट गार्ड’ निर्माण झाले. म्हणजे या सेवेचा जन्मच एका पुनर्रचनेतून झाला.

(४)
रात्रभर कड्यावर जागणाऱ्या पहारेकऱ्याला तस्करांची होडी दिसे, तसेच खडकावर आपटणारे जहाजही सर्वांत आधी त्यालाच दिसे. त्यामुळे बचावाचे काम आपोआप त्याच्याकडे आले. क्रिमियन युद्धानंतर, १८५६ साली, ही सेवा नौदलाच्या ताब्यात गेली. १९२३ साली ती ‘बोर्ड ऑफ ट्रेड’कडे आली आणि तेव्हापासून जीवितरक्षण हेच तिचे प्रमुख काम ठरले. तोवर संकटाची हाक म्हणजे दिसणारी हाक होती: डेकवर पेटवलेली आग, आकाशात सोडलेला अग्निबाण, डोलकाठीवरचे निशाण. ती ओळखणे पहारेकऱ्याच्या नजरेवर अवलंबून होते, आणि दाट धुके उतरले की ती नजर निकामी होई.

(५)
डोळ्याच्या जोडीला कान आला तो मार्कोनीमुळे. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यासमोर ‘गुडविन सँड्स’ नावाचे वाळूचे पट्टे आहेत. शेकडो जहाजे तेथे रुतून फुटलेली आहेत. या पट्ट्यांजवळ नांगरलेल्या ‘ईस्ट गुडविन’ दीपनौकेवर १८९८ च्या डिसेंबरात बिनतारी संच बसवण्यात आला आणि सुमारे १२ मैलांवरच्या साउथ फोरलँड दीपगृहाशी तिचा संपर्क जोडला गेला. १८९९ च्या मार्च महिन्यात ‘एल्बे’ हे जहाज वाळूत रुतले. दीपनौकेने ते बिनतारी संदेशाने दीपगृहाला कळवले आणि रॅम्सगेटच्या जीवरक्षक नौकेला पाचारण झाले. त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस दुसऱ्या एका जहाजाने खुद्द दीपनौकेलाच धडक दिली, तेव्हा तिने स्वतःसाठी मदत मागितली. समुद्रावरून बिनताराने आलेल्या संकटाच्या या पहिल्या हाका मानल्या जातात.

(६)
येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बिनतारी केंद्रे प्रथम मार्कोनीच्या कंपनीची होती. १९०९ साली ती ब्रिटिश टपाल खात्याने ताब्यात घेतली. त्यामुळे पुढची कित्येक दशके कामाची विभागणी अशी राहिली: समुद्राकडे पाहणारा डोळा तटरक्षकांचा आणि दूरच्या जहाजांची हाक ऐकणारा कान टपाल खात्याचा. टपाल खात्याच्या केंद्राने संकटाचा संदेश घ्यायचा आणि दूरध्वनीने किंवा तारेने तटरक्षकांना व जीवरक्षक नौकेच्या ठाण्याला कळवायचे. ऐकणारा आणि धावून जाण्याची व्यवस्था करणारा हे दोघे तेव्हाही वेगवेगळ्या छपरांखाली बसत होते.

(७)
ऐकणारे यंत्र असले तरी ऐकणारा माणूस जागा असावा लागतो, हा धडा १४ एप्रिल १९१२ च्या रात्री मिळाला. ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळण्याच्या काही मिनिटे आधी, जवळच थांबलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरचा एकुलता एक बिनतारी कर्मचारी दिवसभराचे काम संपवून झोपी गेला होता. त्याने कोणताही नियम मोडला नव्हता, कारण रात्रभर ऐकत राहण्याचा नियमच नव्हता. कितीतरी दूर असलेल्या ‘कार्पेथिया’ने ती हाक ऐकली आणि ती पहाटे पोहोचली. १५०० हून अधिक माणसे बुडाली. १९१४ साली लंडनला झालेल्या समुद्रातील जीवितसुरक्षेच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजांवरील अखंड श्रवणाचा विचार आला, तो या अनुभवातून.

(८)
त्यानंतर ऐकण्याची एक आंतरराष्ट्रीय शिस्त तयार झाली. ५०० किलोहर्ट्झ ही मोर्स संदेशांची संकट-वारंवारता ठरली. दर तासाच्या १५व्या आणि ४५व्या मिनिटापासून तीन-तीन मिनिटे त्या वारंवारतेवर सर्वांनी गप्प राहायचे आणि केवळ ऐकायचे. पुढे आवाजी संदेशांसाठी २१८२ किलोहर्ट्झ आले, तेव्हा तेथे तास सुरू होताना आणि अर्ध्या तासाला अशीच तीन मिनिटांची शांतता पाळली जाई. जहाजांच्या बिनतारी कक्षातील घड्याळांच्या तबकडीवर या मिनिटांचे पट्टे लाल आणि हिरव्या रंगात रंगवलेले असत. एखाद्या अशक्त संचातून येणारी क्षीण हाक गोंगाटात हरवू नये, म्हणून जगभरची जहाजे तासातून चार वेळा मौन पाळत होती.

(९)
आवाजी संदेश आले तसा आवाजी हाकेसाठी शब्दही हवा होता. १९२३ च्या सुमारास लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावर फ्रेडरिक मॉकफर्ड हे वरिष्ठ रेडिओ अधिकारी होते. तेथील बरीचशी विमाने पॅरिसला ये-जा करत. ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांशी उच्चाराने जुळणारा ‘मेडे’ हा शब्द त्यांनी सुचवला. १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो मान्य झाला. आजही संकटातील खलाशी हा शब्द तीनदा उच्चारतो आणि मग जहाजाचे नाव, ठिकाण, संकटाचे स्वरूप आणि जहाजावरील माणसांची संख्या सांगतो. यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ठिकाण. पुढचा सारा वाद त्याभोवतीच फिरतो.

(१०)
दुसऱ्या महायुद्धानंतर व्हीएचएफ रेडिओ आला. त्याचे चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हे हाक मारण्याचे आणि संकटाचे चॅनेल ठरले. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे त्यांचा पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो. समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीवर किनाऱ्यावरचा अँटेना आणि ४ मीटर उंचीवर नौकेचा अँटेना असेल, तर साधारण २५ ते ३० सागरी मैलांपर्यंत बोलता येते. अशा दोन छोट्या नौकांना मात्र एकमेकींशी जेमतेम ९ मैलांपर्यंतच बोलता येते. म्हणून किनाऱ्यावरचा उंच मनोरा हाच छोट्या नौकेचा खरा आधार असतो. या स्वस्त संचामुळे साध्या मच्छीमारालाही तटरक्षकाशी थेट बोलता येऊ लागले. डोळा आणि कान आता एका छपराखाली आले.

(११)
मग कड्यावरच्या चौक्यांचे काय, असा प्रश्न आलाच. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून सेवेची मोठी पुनर्रचना झाली. विभागवार बचाव-समन्वय केंद्रे आणि त्यांच्या हाताखाली उपकेंद्रे उभी राहिली. पहारेकऱ्याची जागा रेडिओ, नकाशे आणि दूरध्वनी असलेल्या कक्षाने घेतली. दुर्बीण घेऊन समुद्राकडे पाहणाऱ्या चौक्या एकामागून एक बंद होऊ लागल्या. यामागचा हिशेब सरळ होता. हाक रेडिओवरून येते, तर कड्यावर माणूस बसवून काय साधायचे?

(१२)
या कक्षांचे काम समजून घेतले पाहिजे. ब्रिटनमध्ये जीवरक्षक नौका प्रामुख्याने १८२४ साली स्थापन झालेल्या आरएनएलआय या धर्मादाय संस्थेच्या आहेत आणि त्यांवर बहुतांश स्वयंसेवक असतात. हेलिकॉप्टर पूर्वी नौदल आणि हवाई दलाचीही असत. तटरक्षक अधिकारी हाक ऐकतो, ती समजून घेतो, कोणाला पाठवायचे ते ठरवतो आणि शेवटपर्यंत सर्वांना जोडून ठेवतो. तो स्वतः समुद्रात उतरत नाही. त्याच्या हाती असतो तो केवळ रेडिओ आणि निर्णय.

(१३)
त्या रेडिओची ताकद आणि मर्यादा १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री एकाच वेळी दिसल्या. कॉर्नवॉलच्या किनाऱ्याजवळ ‘युनियन स्टार’ या मालवाहू जहाजाचे इंजिन बंद पडले. झंझावाती वाऱ्यात हेलिकॉप्टरला कोणालाही वर उचलता आले नाही. पेन्लीची ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी जीवरक्षक नौका ८ स्वयंसेवकांसह निघाली. जहाजावरून चौघांना घेतल्याचे तिने फालमथच्या तटरक्षक केंद्राला रेडिओवरून कळवले. त्यानंतर केंद्राने पुन्हा पुन्हा हाक मारली, पण उत्तर आले नाही. दोन्ही नौकांवरील सर्व १६ माणसे मृत्युमुखी पडली. केंद्रातल्या माणसांनी सारे ऐकले होते आणि ऐकण्यापलीकडे त्यांना काही करता आले नव्हते.

(१४)
चौक्या बंद करण्याच्या हिशेबातली त्रुटी १९९४ साली उघडी पडली. कॉर्नवॉलच्या लिझर्ड द्वीपकल्पावरील बास पॉइंटची तटरक्षक चौकी नुकतीच बंद झाली होती. त्याच चौकीच्या नजरेच्या टप्प्यात दोन मच्छीमार बुडाले. रेडिओच्या व्यवस्थेत हाक मारणारा हाक मारू शकतो, हे गृहीत असते. होडी क्षणात उलटली, संच भिजला, माणूस पाण्यात पडला, तर हाकच निघत नाही. अशा वेळी कड्यावरचा डोळाच उपयोगी पडतो. स्थानिक लोकांनी पुढाकार घेऊन त्याच वर्षी बास पॉइंटची चौकी स्वयंसेवकांच्या बळावर पुन्हा सुरू केली. त्यातून ‘नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशन’ ही संस्था उभी राहिली. आज तिच्या पन्नासहून अधिक चौक्या आहेत.

(१५)
दरम्यान रेडिओच्या जगात मोठा बदल घडत होता. १९९२ ते १ फेब्रुवारी १९९९ या काळात जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणा, म्हणजे जीएमडीएसएस, टप्प्याटप्प्याने लागू झाली. नव्या संचावर झाकणाखाली एक लाल बटण असते. ते दाबून धरले की चॅनेल ७० वरून एक अंकीय संदेश जातो. त्यात नौकेचा नऊ अंकी ओळख क्रमांक असतो आणि जीपीएस जोडलेला असेल तर अक्षांश-रेखांशही असतात. समोरच्या केंद्रात गजर वाजतो. भरकटलेले लक्ष, अस्पष्ट उच्चार, परकी भाषा यांच्या अडचणी यामुळे बऱ्याच कमी झाल्या. मोर्सचा शतकभराचा अंमल संपला. तीन मिनिटांची ती मौने इतिहासजमा झाली.

(१६)
पण हे बटण मोठ्या व्यापारी जहाजांवर सक्तीचे होते, छोट्या खासगी होड्यांवर नव्हते. म्हणूनच चॅनेल १६ वर कान ठेवणे पुढेही चालू राहिले. २००० साली ब्रिटिश टेलिकॉमने, म्हणजे टपाल खात्याच्या वारसदाराने, आपली किनारी रेडिओ केंद्रे बंद केली. १९०९ पासून चालत आलेला तो दुसरा कान मिटला आणि श्रवणाची सारी जबाबदारी तटरक्षकांवर आली. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील ओबान आणि पेंटलंड ही तटरक्षक उपकेंद्रेही बंद झाली. कान कमी होत होते आणि उरलेल्या प्रत्येक कानावरचा भार वाढत होता.

(१७)
एकट्या कानावर किती विसंबावे, याचे उत्तर अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेत, मिळाले होते. २९ डिसेंबर १९९७ च्या रात्री दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी ‘मॉर्निंग ड्यू’ ही शिडाची नौका दगडी धक्क्यावर आदळली. तटरक्षक केंद्रात रात्री एकच कर्मचारी रेडिओवर होता. त्याला एक तुटक, अस्पष्ट आवाज ऐकू आला. त्याने उलट हाक मारली, उत्तर मिळाले नाही आणि ध्वनिफीत पुन्हा ऐकली गेली नाही. नौकेवरील चौघेही, एक पुरुष आणि तीन मुले, मरण पावले. ध्वनिफितीत ‘मेडे’चे तुकडे होते. या चौकशीनंतर अमेरिकेने आवाज लगेच पुन्हा ऐकता येईल आणि तो कोणत्या दिशेने आला हेही कळेल, अशी ‘रेस्क्यू २१’ यंत्रणा उभारली. हाक पोहोचली होती. ती समजली नव्हती.

(१८)
ही सारी पार्श्वभूमी घेऊन पुन्हा २०१० कडे यावे लागते. सरकारच्या बाजूला वजनदार कारणे होती. ब्रिटनमधली केंद्रे जोडी-जोडीने बांधलेली होती. एखादे केंद्र बंद पडले तर त्याचे जोडीदार केंद्र काम सांभाळे, पण देशभराचे एकच जाळे नव्हते. उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावरील केंद्र हाकांनी बेजार होई, तेव्हा दूरच्या शांत केंद्रातील अनुभवी माणसे रिकामी बसलेली असत आणि त्यांना हातभार लावता येत नसे. शिवाय तो काळ सरकारी काटकसरीचा होता. या काटकसरीमुळेच प्रस्तावाकडे संशयाने पाहिले गेले, तरी जोड्यांची व्यवस्था कालबाह्य झाली होती हे विरोधकांपैकीही अनेकांना मान्य होते.

(१९)
एक गैरसमज तेव्हा सर्रास पसरला होता. केंद्र बंद झाले म्हणजे त्या भागात रेडिओ ऐकू येणार नाही, असे अनेकांना वाटे. वस्तुतः अँटेना केंद्राच्या छपरावर नसतात. ते किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर, मनुष्यवस्तीपासून दूर, शंभराहून अधिक ठिकाणी उभे आहेत आणि दूरसंचार वाहिन्यांनी केंद्रांना जोडलेले आहेत. पुनर्रचनेत केंद्रे बंद होणार होती, पण हे मनोरे जागच्या जागी राहणार होते. खलाशाची हाक पूर्वी जेथून ऐकू येत होती, तेथून पुढेही ऐकू येणार होती. बदलणार होता तो त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस.

(२०)
म्हणूनच वाद ‘स्थानिक जाण’ या दोन शब्दांवर केंद्रित झाला. घाबरलेला माणूस अक्षांश-रेखांश सांगत नाही. तो गावात रूढ असलेले खडकाचे नाव सांगतो, आणि ते नाव नकाशावर असेलच असे नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर टार्बर्ट नावाचे गाव लॉक फाइनच्या काठी आहे, हॅरिस बेटावर आहे आणि जुरा बेटावरही त्या नावाची जागा आहे. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थच दोन पाण्यांमधली जमिनीची चिंचोळी पट्टी असा आहे, त्यामुळे तो जागोजागी आढळतो. तेथल्या केंद्रातला अधिकारी बोलणाऱ्याच्या हेलावरून आणि पुढच्या एका प्रश्नावरून योग्य टार्बर्ट ओळखतो. शेकडो मैल दूर बसलेल्या अधिकाऱ्याला पडद्यावर तिन्ही दिसतात, पण त्यातले कोणते निवडायचे हे पडदा सांगत नाही.

(२१)
संसदेच्या परिवहन समितीने लुईस एलमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी केली आणि २०११ च्या जून महिन्यात अहवाल दिला. स्थानिक जाण हरवण्याचा धोका आणि केवळ दिवसा चालणाऱ्या केंद्रांची कल्पना या दोन्हींवर समितीने कठोर टीका केली. संध्याकाळी केंद्र बंद करताना एखादा बचाव अर्ध्यावर असेल, तर तो दुसऱ्याच्या हाती सोपवावा लागेल, आणि चूक होण्याची शक्यता अशा हस्तांतरणातच सर्वाधिक असते. १४ जुलै २०११ रोजी परिवहनमंत्री फिलिप हॅमंड यांनी सुधारित योजना मांडली. दिवसापुरत्या केंद्रांची कल्पना मागे घेतली गेली. नोव्हेंबरात जस्टिन ग्रीनिंग यांनी ती योजना कायम केली.

(२२)
अंतिम आराखडा असा ठरला: दक्षिणेत हॅम्पशरमधील फेअरहॅम येथे एक राष्ट्रीय केंद्र आणि त्याला पर्याय म्हणून सज्ज असलेले डोव्हर. त्यांच्या जोडीला फालमथ, मिलफर्ड हेवन, होलीहेड, बेलफास्ट, स्टॉर्नोवे, शेटलंड, ॲबरडीन आणि हंबर ही ८ केंद्रे २४ तास चालू राहणार होती. लंडनचे छोटे केंद्रही टिकले. २०१२ च्या सप्टेंबरात फोर्थ आणि डिसेंबरात क्लाइड बंद झाले. २०१३ साली ग्रेट यार्मथ मिटले. त्यानंतर २०१५ पर्यंत पोर्टलंड, ब्रिक्सहॅम, स्वानसी, लिव्हरपूल आणि थेम्स यांचीही पाळी आली. सोलेंटचे काम फेअरहॅममध्ये विलीन झाले. फेअरहॅमची ही इमारत मुळात अग्निशमन दलाच्या एका फसलेल्या राष्ट्रीय प्रकल्पासाठी बांधलेली होती, हा या कथेतला एक उपरोध.

(२३)
नव्या जाळ्यात कोणत्याही केंद्रातला अधिकारी देशातल्या कोणत्याही अँटेनावरून बोलू शकतो. क्लाइडच्या खाडीतली हाक आता बेलफास्टमध्ये ऐकली जाते. एका ठिकाणी ताण वाढला की काही भाग दुसरीकडे सोपवता येतो. २०१६ साली स्कॉटलंडमधील किनलॉस येथून बचाव-हेलिकॉप्टरांचे नियंत्रण आणि उपग्रहामार्फत येणाऱ्या संकट-संदेशांची नोंदही फेअरहॅमला आली. हाक आणि हेलिकॉप्टर एका छपराखाली आले, हा खरा लाभ होता. दुसऱ्या बाजूला, बंद होणाऱ्या केंद्रांतले अनेक अनुभवी अधिकारी घरदार सोडून नव्या ठिकाणी गेले नाहीत. २०१२ च्या डिसेंबरात संसदीय समितीने पुन्हा अहवाल दिला, तेव्हा रिक्त जागा आणि खचलेले मनोबल यांबद्दल तिने स्पष्ट चिंता व्यक्त केली. तारा जोडणे सोपे होते. माणसांच्या डोक्यातले नकाशे एका गावातून दुसऱ्या गावी हलवणे तितके सोपे नव्हते.

(२४)
या जाळ्याची सर्वांत कठोर परीक्षा २३-२४ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री इंग्लिश खाडीत झाली. स्थलांतरितांनी भरलेली रबरी होडी फ्रान्सकडून निघाली आणि बुडू लागली. तिच्यावर सागरी रेडिओ नव्हता, लाल बटण नव्हते. होते ते मोबाइल फोन. हाका फ्रान्सलाही गेल्या आणि डोव्हरलाही गेल्या. त्या रात्री अनेक होड्या खाडीत होत्या आणि कोणती हाक कोणत्या होडीची, हे उलगडणे कठीण झाले. डोव्हरने ‘मेडे रिले’ प्रसारित केला, ‘व्हॅलियंट’ ही गस्तीनौका शोधासाठी निघाली, पण ती होडी सापडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एका फ्रेंच मच्छीमार नौकेला मृतदेह दिसले. किमान २७ जणांचा अंत झाला, केवळ दोघे वाचले. पुढच्या सार्वजनिक चौकशीत डोव्हरच्या केंद्रातील कर्मचाऱ्यांच्या टंचाईचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

(२५)
या सर्व घटना शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट दिसते. हाकेला उत्तर मिळण्यासाठी तीन टप्पे पार व्हावे लागतात: हाक पोहोचली पाहिजे, ती समजली पाहिजे आणि ती समजणाऱ्याच्या हाती धाडण्याजोगी मदत असली पाहिजे. यंत्रांनी पहिला टप्पा विलक्षण बळकट केला. १८९९ साली जे अंतर १२ मैलांचे होते, ते आज उपग्रहामुळे पृथ्वीएवढे झाले आहे. पण ‘मॉर्निंग ड्यू’ची हाक दुसऱ्या टप्प्यावर हरवली, पेन्लीची तिसऱ्या टप्प्यावर, आणि बास पॉइंटखालच्या मच्छीमारांची तर निघालीच नाही. पुनर्रचनेच्या आराखड्यात पहिल्या टप्प्याचा हिशेब मांडणे सोपे असते, कारण मनोरे मोजता येतात. दुसऱ्या टप्प्याचे मोजमाप कोणत्याही तक्त्यात बसत नाही, म्हणून काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते.

(२६)
हा इतिहास केवळ ब्रिटनचा नाही. जीएमडीएसएसचे नियम जगातल्या सर्व मोठ्या व्यापारी जहाजांना लागू आहेत, आणि इंग्लिश खाडीतून जाणाऱ्या जहाजांवर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे खलाशीही असतात. भारतीय तटरक्षक दलाची बचाव-समन्वय केंद्रे मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथे आहेत. समुद्रातील संकटासाठी १५५४ हा दूरध्वनी क्रमांक आहे. केंद्रे कमी करावीत की वाढवावीत, याचे एकच उत्तर इतिहास देत नाही. २०१० चा मूळ प्रस्ताव जसाच्या तसा अमलात आला असता, तर फालमथ रात्री बंद राहिले असते आणि शेटलंड किंवा स्टॉर्नोवे यांपैकी एक कायमचे मिटले असते. ते टळले, कारण मच्छीमारांनी, बेटांवरच्या रहिवाशांनी आणि संसदेच्या एका समितीने आराखड्याला वेळेवर तोच जुना प्रश्न विचारला: हाक पोहोचेल हे ठीक, पण ती कोणाला समजेल?